सॉरोपॉडांचा इतिहास मणक्यांतून वाचताना : प्राणहिता-वर्धेच्या खोऱ्यातील पुरावे

भूस्तर (धागाकर्ते)

लांब मान, लांब शेपटी आणि खांबासारखे चार पाय असलेल्या शाकाहारी डायनोसॉरांना सॉरोपॉड म्हणतात. त्यांच्याविषयी मराठीत जे वाचायला मिळते त्यात बहुधा लांबी आणि वजन यांचे आकडेच पुढे असतात. हे आकडे किती तकलादू असतात ते आधी सांगतो. अर्जेंटिनोसॉरसचे नाव 1993 मध्ये दिले गेले ते काही मणके, पायाचे एक हाड आणि अशाच थोड्या अवशेषांवरून, आणि उरलेले सगळे शरीर त्याच्या नातेवाइकांच्या सांगाड्यांवरून अंदाजाने भरले जाते. पॅटागोटायटन त्या मानाने बराच पूर्ण सापडला आहे, तरीही 2017 मध्ये त्याचे वजन सुमारे 69 टन सांगितले गेले आणि नंतरच्या अभ्यासांनी ते 50 ते 57 टनांच्या आसपास आणले. एकाच प्राण्याच्या वजनात एवढा फरक पडत असेल, तर 'सर्वांत मोठा कोण' या प्रश्नावर आपण जितका वेळ घालवतो तितका तो प्रश्न मोलाचा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझ्या मते या प्राण्यांचा खरा इतिहास त्यांच्या मणक्यांत आहे. सॉरोपॉडाची कवटी शरीराच्या मानाने अगदी लहान, हलक्या हाडांची आणि मानेला नाजूकपणे जोडलेली असे. प्राणी मेल्यावर ती लवकर निखळून वाहून जाई किंवा फुटून जाई. त्यामुळे कित्येक प्रजातींची कवटी आजही आपल्याला माहीत नाही. मणके मात्र मोठे, संख्येने भरपूर आणि बारकाव्यांनी भरलेले असतात. मानेतला मणका पाठीतल्या मणक्यापासून वेगळा ओळखता येतो, आणि आदिम गटाचा मणका प्रगत गटाच्या मणक्यापासून.

यासाठी आपल्याला अमेरिकेपर्यंत किंवा टांझानियापर्यंत जाण्याची गरज नाही. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि ती पुढे गोदावरीला मिळते. या एकाच नदीसंस्थेच्या खोऱ्यात सॉरोपॉडांच्या इतिहासाची सुरुवातीची पाने आहेत आणि अखेरचीही.

सुरुवात बारापासॉरसपासून करू. सिरोंचाजवळ प्राणहितेच्या काठी कोटा नावाचे गाव आहे आणि त्यावरून कोटा संस्तर (तिथल्या खडकांच्या थरांचा समूह) हे नाव पडले. हा संस्तर पूर्व जुरासिक काळातला, म्हणजे ढोबळमानाने 18 ते 19 कोटी वर्षांपूर्वीचा, मानला जातो. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या भूवैज्ञानिकांनी 1960 च्या सुमारास आजच्या तेलंगणातील पोचमपल्ली गावाजवळ याच खडकांतून सुमारे 300 हाडे काढली. ती किमान सहा प्राण्यांची होती आणि त्यांत एकही कवटी नव्हती. सोहनलाल जैन, कुट्टी, रॉय-चौधुरी आणि चॅटर्जी यांनी 1975 मध्ये त्यांचे वर्णन 'बारापासॉरस टागोराय' या नावाने प्रसिद्ध केले. 1961 हे रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचे वर्ष होते, म्हणून जातिनामात टागोर आले. उभा केलेला सांगाडा कोलकात्याला संस्थेच्या संग्रहालयात आहे.

या सांगाड्यात पाहण्यासारखे काय आहे? मांडीचे हाड सुमारे 1.7 मीटर लांब आणि सरळ आहे. त्याआधीच्या प्लेटिओसॉरससारख्या प्राण्यांत ते किंचित वाकलेले असे, कारण ते प्राणी मुख्यतः मागच्या दोन पायांवर चालत. बारापासॉरसने वजन चारही पायांवर घेतले आहे. कमरेच्या हाडांना जोडलेले मणके प्लेटिओसॉरसमध्ये 3 आहेत, बारापासॉरसमध्ये 4, पुढच्या प्रगत सॉरोपॉडांत 5 आणि टायटॅनोसॉरांत (क्रिटेशियस काळातल्या सॉरोपॉडांचा एक मोठा गट) बहुधा 6. शरीर जड होत गेले तसा कमरेचा जोड भक्कम होत गेला, हे या एका मोजणीतून दिसते.

मानेच्या आणि पाठीच्या मणक्यांच्या बाजूंवर उथळ खळगे आहेत, आणि माझ्या दृष्टीने हा या सांगाड्यातला सर्वांत बोलका भाग आहे. पुढे डिप्लोडोकस, ब्रॅकिओसॉरस यांच्यात त्याच जागी खोल पोकळ्या होतात, पोकळीच्या आत आणखी पोकळ्या होतात आणि मणक्याचे वजन विलक्षण कमी होते. बारापासॉरसमध्ये हे काम नुकतेच सुरू झालेले दिसते.

आता वर्धेच्या बाजूला येऊ. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याच्या परिसरात डोंगरगाव आणि पिसदुरा येथे लामेटा संस्तराचे खडक उघडे पडले आहेत. हे थर क्रिटेशियसच्या अखेरीचे, सुमारे 6.6 ते 6.7 कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे दख्खनच्या लाव्ह्याचे उद्रेक होत होते त्या सुमाराचे. डोंगरगावला भारतीय सांख्यिकी संस्थेच्याच चमूने 1980 च्या दशकात एका सॉरोपॉडाचा बराचसा सांगाडा खणून काढला. जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी 1997 मध्ये त्याला 'टायटॅनोसॉरस कोल्बर्टी' असे नाव दिले आणि 2003 मध्ये विल्सन व अपचर्च यांनी त्याला 'इसिसॉरस' हा स्वतंत्र वंश दिला. मानेचे, पाठीचे, कमरेचे आणि शेपटीचे मणके, खांदा, पुढचा पाय, श्रोणी (कमरेची हाडे) असे बरेच काही मिळाले. कवटी आणि मागचे पाय मिळाले नाहीत. त्याची मान इतर सॉरोपॉडांच्या मानाने आखूड आणि उंच बांध्याची आहे, आणि दंडाचे हाड जवळजवळ दीड मीटर भरते.

शेपटीच्या मणक्याबद्दल थोडे जवळून सांगतो. टायटॅनोसॉराच्या शेपटीतला एक मणका समोर ठेवून पाहिला तर त्याची पुढची बाजू वाटीसारखी खोलगट असते आणि मागची बाजू गोलाकार, पुढे आलेली असते. एका मणक्याचा गोल मागच्या मणक्याच्या वाटीत बसतो आणि उखळीच्या सांध्यांची ओळच तयार होते. पूर्वीच्या बहुतेक सॉरोपॉडांत शेपटीच्या मणक्यांची दोन्ही तोंडे जवळजवळ सपाट किंवा किंचित खोलगट असतात. त्यामुळे एवढा एकच मणका हाती आला तरी तो टायटॅनोसॉराचा असावा असे बऱ्याच भरवशाने म्हणता येते.

जाणकारांनी भर घालावी आणि प्रश्नही विचारावेत.

---

निरगुडी

अतिशय माहितीपूर्ण धागा. एक शंका आहे. मणक्यांतील पोकळ्या हवेच्याच होत्या हे कशावरून ठरवतात? हाडाच्या आत मज्जा किंवा चरबीही असू शकते. मऊ भाग तर जीवाश्मात राहत नाहीत.

---

भूस्तर

निरगुडी, शंका रास्त आहे आणि या विषयाचा गाभा तिच्यातच आहे. मज्जा असलेल्या हाडाला बाहेरून रक्तवाहिनी जाण्यापुरते बारीक छिद्र पुरते. सॉरोपॉडांच्या मणक्यांत मात्र बाहेरच्या बाजूला रुंद, गुळगुळीत काठांची तोंडे असतात आणि ती थेट आतल्या कप्प्यांत उघडतात. आजच्या प्राण्यांत अशी रचना फक्त पक्ष्यांत दिसते, आणि तिथे ती फुप्फुसांना जोडलेल्या वायुकोशांच्या फुगवट्यांनी, हाड आतून पोखरले गेल्याने तयार होते. मगरी किंवा सस्तन प्राणी यांच्या मणक्यांत ती नाही. पक्षी हे स्वतः डायनोसॉरांचेच वंशज आहेत आणि मांसाहारी थेरोपॉडांतही हीच रचना आढळते, हे लक्षात घेतले की निष्कर्ष आणखी बळकट होतो.

मणका आडवा कापला गेलेला असेल किंवा सीटी स्कॅन केलेला असेल तर हाड किती आणि हवा किती हे मोजता येते. मॅट वेडेल यांनी हे काम तपशिलाने केले. अनेक सॉरोपॉडांत मानेच्या मणक्याचा निम्म्याहून जास्त भाग हवेचा निघाला, आणि ओक्लाहोमाच्या सॉरोपोसायडनमध्ये काही ठिकाणी ते प्रमाण 89 टक्क्यांपर्यंत गेले. त्याच सॉरोपोसायडनचा मानेतला एकेक मणका मीटरभराहून लांब आहे. भरीव हाडाची तशी मान कोणत्याही स्नायूंना पेलली नसती.

याचा श्वसनाशीही संबंध आहे. दहा मीटरची श्वासनलिका असेल तर प्रत्येक श्वासात आधी नळीतली वापरलेली हवाच आत येणार. पक्ष्यांप्रमाणे वायुकोशांचे भाते आणि फुप्फुसांतून एकाच दिशेने वाहणारी हवा असेल तर ही अडचण बरीच कमी होते. मार्टिन सँडर आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनी सॉरोपॉडांच्या महाकायतेची जी कारणमीमांसा मांडली आहे तिच्यात हा दुवा फार महत्त्वाचा आहे : लहान डोके, न चावता गिळणे, म्हणून लांब मान शक्य, मान हलकी ठेवायला वायुकोश, आणि त्याच वायुकोशांमुळे श्वसनही कार्यक्षम.

---

शेकरू

न चावता गिळण्याच्या मुद्द्याला पुष्टी देणारा एक ताजा पुरावा इथे नोंदवतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये डायमँटिनासॉरस या सॉरोपॉडाच्या पोटातील अन्नाचा जीवाश्म सांगाड्यासह सापडला आणि 2025 मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सूचिपर्णी झाडांचे भाग, बीजी नेचांची फळे आणि सपुष्प वनस्पतींची पाने ओळखता आली. पाने तुटलेली आहेत, पण दळलेली नाहीत. म्हणजे प्राणी ओरबाडून घेत होता आणि उरलेले काम आतड्यांतल्या सूक्ष्मजीवांवर सोडत होता.

दातांचा पुरावाही याच्याशी जुळतो. सॉरोपॉडांचे दात पाने तोडण्यापुरते होते आणि ते भराभर बदलत. दातांतील वाढरेषा मोजून काढलेल्या अंदाजानुसार डिप्लोडोकसचा दात साधारण महिन्याभरात, तर कॅमॅरासॉरसचा दोन महिन्यांत बदलला जाई. नायजरच्या नायजरसॉरसने तर जबड्यात बदली दातांच्या रांगाच रचून ठेवल्या होत्या. जमिनीलगतची कोवळी झुडपे खाताना धूळ-वाळूने दात झिजत असले पाहिजेत.

---

वैनगंगा

पिसदुऱ्याचा उल्लेख वाचून आनंद झाला, कारण आमच्या भागाचे नाव अशा चर्चांत क्वचितच येते. तेथील जीवाश्म विष्ठेबद्दलही सांगायला हवे. पिसदुऱ्याला विष्ठाश्म मोठ्या संख्येने सापडतात आणि त्यांतले बरेचसे टायटॅनोसॉरांचे असावेत असे मानले जाते. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रोमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी 2005 मध्ये त्यांतून वनस्पतींच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे सूक्ष्म कण वेगळे केले, आणि त्यांत गवताचे कण निघाले. डायनोसॉरांच्या काळात गवत नव्हते अशी त्याआधीची सर्वसाधारण समजूत होती. वरोऱ्याजवळच्या शेतांतल्या या दगडांनी ती मोडली. त्याच कणांत ताडवर्गीय आणि सूचिपर्णी झाडांचे अंशही होते, म्हणजे हे प्राणी जे मिळेल ते खाणारे होते.

गावकऱ्यांना आणि हौशी मित्रांना एक विनंती मात्र करावीशी वाटते. हाड दिसले तर ते उपटून घरी नेऊ नका. कोणते हाड कोणत्या हाडाशेजारी, कोणत्या थरात, कोणत्या दिशेने पडले होते, ही माहिती हाडाइतकीच मोलाची असते आणि ती एकदा गेली की कोणत्याही प्रयोगशाळेत परत मिळत नाही.

---

भूस्तर

वैनगंगा, विनंतीशी शंभर टक्के सहमत. डोंगरगावच्या सांगाड्याला जे महत्त्व आहे ते बरीच हाडे एकाच प्राण्याची म्हणून ओळखता आली यामुळेच. पिसदुरा आणि जबलपूर येथली कित्येक जुनी हाडे सुटी गोळा झाली, आणि कोणते कोणाचे याचा घोळ शंभर वर्षांहून जास्त चालला.

---

कातळवाट

माझे दोन प्रश्न आहेत. एक, हे प्राणी दलदलीत राहत आणि पाण्यात शरीराचा भार हलका करत, असे आमच्या लहानपणच्या पुस्तकांत चित्रांसह असे. ते मत कधी आणि का मागे पडले? दुसरा, मान जमिनीला समांतर होती की जिराफासारखी वर?

---

शेकरू

पाण्याचे मत फार जुने होते. रिचर्ड ओवेन यांनी 1841 मध्ये एका सॉरोपॉडाला सीटिओसॉरस हे नाव दिले तेव्हा त्यांनी तो एक अवाढव्य सागरी सरीसृपच मानला होता. 1951 मध्ये केर्मॅक यांनी दाखवून दिले की एवढ्या खोल पाण्यात छातीवर येणाऱ्या दाबामुळे प्राण्याला श्वासच घेता आला नसता. त्यापुढे बॅकर, कूम्ब्स यांनी शरीररचनेच्या आधाराने बाजू मांडली : खोल अरुंद छाती आणि सरळ खांबासारखे पाय हे हत्तीशी जुळतात, पाणघोड्याशी नाही. शिवाय भूस्तर यांनी सांगितलेल्या हवेच्या पोकळ्यांमुळे हा प्राणी पाण्यात इतका तरंगला असता की त्याला तोल सांभाळणे कठीण झाले असते.

पावलांबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण वजन कसे पेलले ते तिथे दिसते. पुढच्या पावलात तळव्याची पाच हाडे उभी राहून अर्धवर्तुळाकार नळी करतात. प्राणी त्या नळीवर उभा राही, म्हणून पुढच्या पायाचा ठसा घोड्याच्या नालेसारखा उमटतो. बोटे हळूहळू नाहीशी होत गेली. बहुतेक टायटॅनोसॉरांत पुढच्या पायाला बोटांची हाडे जवळजवळ उरलीच नव्हती. मागचे पाऊल निराळे होते. त्याला टाचेखाली मांसल गादीचा आधार होता आणि नख्या होत्या. काही मार्गठशांत डावी-उजवी पावले जवळजवळ पडलेली आहेत, तर काहींत ती लांब-लांब आहेत. विल्सन आणि कॅरानो यांनी 1999 मध्ये ही रुंद चाल टायटॅनोसॉरांच्या रुंद श्रोणीशी आणि मांडीच्या हाडाच्या आत वळलेल्या वरच्या भागाशी जोडली.

---

भूस्तर

मानेच्या प्रश्नावर माझे मत सांगतो. स्टीव्हन्स आणि पॅरिश यांनी 1999 मध्ये संगणकावर मणके जुळवून अपॅटोसॉरस व डिप्लोडोकस यांची मान जवळजवळ आडवी किंवा किंचित खाली झुकलेली दाखवली. त्यांच्या पद्धतीत मणक्यांचे सांधे पूर्ण जुळलेल्या स्थितीला विश्रांतीची स्थिती मानले होते. टेलर, वेडेल आणि नॅश यांनी 2009 मध्ये आजच्या प्राण्यांकडे बोट दाखवले : ससा, पक्षी, मांजर यांचे जिवंतपणीचे क्ष-किरण चित्र पाहिले तर मानेचा तळ नेहमीच्या उभ्या स्थितीत बराच वर वळलेला असतो, आणि नुसती हाडे जुळवून तो तसा येत नाही. मला दुसरा युक्तिवाद अधिक पटतो. सांध्यांमधली कूर्चा जीवाश्मात टिकत नाही आणि तिची जाडी थोडी बदलली की मानेचा सगळा कोन बदलतो. तरीही सर्व सॉरोपॉडांना एकच उत्तर लावू नये. जिराफाटायटनचे पुढचे पाय मागच्यांपेक्षा लांब आहेत आणि बर्लिनच्या संग्रहालयात उभा केलेला त्याचा सांगाडा 13.27 मीटर उंच आहे. तो उंच झाडांचा गिऱ्हाईक असणार. नायजरसॉरसचे रुंद, सपाट तोंड मात्र जमिनीलगतचे खाण्यासाठीच आहे.

---

निरगुडी

आणि एवढा मोठा प्राणी वाढायला किती वर्षे लागत? अंडी तर लहान असतात असे वाचले आहे.

---

भूस्तर

अंडी खरोखरच लहान होती. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात लामेटाच्या थरांत 92 घरटी आणि 256 अंडी नोंदवली गेली व 2023 मध्ये त्याचा अभ्यास आला. अंड्यांचा व्यास साधारण 15 ते 17 सेंमी. घरटी एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की प्रौढ प्राण्याला त्यांच्यामधून फिरताच आले नसते, म्हणून आईबाप पिलांची राखण करत नसावेत असा निष्कर्ष निघतो. गुजरातमधील ढोली डुंगरी येथे तर घरट्यात नुकत्याच जन्मलेल्या पिलाची हाडे आणि त्यांच्याभोवती सुमारे साडेतीन मीटर लांबीच्या सापाचा सांगाडा एकत्र सापडला. हाडे धनंजय मोहबे यांनी 1980 च्या दशकात गोळा केली होती. त्यांत साप आहे हे नंतर जेफ विल्सन यांच्या लक्षात आले आणि 2010 मध्ये 'सनाजेह इंडिकस' या नावाने तो प्रसिद्ध झाला. पिलू जेमतेम अर्ध्या मीटरचे होते.

अर्ध्या मीटरपासून पंधरा-वीस मीटरपर्यंतचा प्रवास हाडांच्या सूक्ष्मरचनेत दिसतो. मांडीच्या हाडाचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर रक्तवाहिन्यांनी गजबजलेले, भराभर रचलेले हाड दिसते. मगरीच्या हाडात वर्षावर्षाच्या रेषा स्पष्ट असतात. सॉरोपॉडांत त्या बहुधा वाढ मंदावल्यावरच, हाडाच्या बाहेरच्या कडेला दिसू लागतात. म्हणजे वाढ जवळजवळ न थांबता चाले आणि काही दशकांतच प्राणी पूर्ण वाढे. असे हाड थंड रक्ताच्या प्राण्याकडून अपेक्षित नाही. कॅमॅरासॉरस आणि जिराफाटायटन यांच्या दातांच्या एनॅमलमधील समस्थानिकांवरून 2011 मध्ये काढलेले शरीराचे तापमान 36 ते 38 अंश सेल्सिअस होते.

---

ताम्हण

मला एका गोष्टीचे वाईट वाटते. 'टायटॅनोसॉरस' हे नाव जबलपूरच्या हाडांवरून आले, सगळ्या गटाला तेच नाव आहे, आणि आता म्हणतात की मूळ प्रजातीच वैध नाही. भारतातल्या शोधावर हा अन्याय नाही का?

---

भूस्तर

ताम्हण, तुमची भावना समजते. घटनाक्रम असा आहे. विल्यम स्लीमन यांना 1828 मध्ये जबलपूरजवळ शेपटीचे मणके मिळाले, आणि रिचर्ड लायडेकर यांनी 1877 मध्ये त्यांच्यावरून 'टायटॅनोसॉरस इंडिकस' हे नाव दिले. त्या वेळी 'पुढे वाटी, मागे गोल' ही रचना इतर सॉरोपॉडांत माहीत नव्हती, म्हणून नवे नाव देणे पूर्णपणे योग्य होते. पुढच्या शतकात अर्जेंटिना, मादागास्कर, युरोप, मंगोलिया इथून असेच मणके निघत गेले आणि जे एका प्रजातीचे लक्षण वाटत होते ते डझनावारी प्रजातींचे समान लक्षण ठरले. विल्सन आणि अपचर्च यांनी 2003 मध्ये तपासले तेव्हा मूळ मणक्यांत त्या प्रजातीला इतरांपासून वेगळे करणारे काहीच उरले नव्हते. लायडेकर यांनी ओळखलेले लक्षण इतके मूलभूत निघाले की त्यावर अख्खा गट उभा राहिला. यात मला अन्याय दिसत नाही. मूळ मणक्यांपैकी एक बराच काळ हरवलेला होता, तो 2012 मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कोलकात्याच्या संग्रहात पुन्हा सापडला, हेही नोंदवतो.

आणि भारताचा वाटा तेवढ्यावर थांबलेला नाही. जबलपूरच्याच जैनोसॉरसची कवटीमागची मेंदूपेटी मादागास्करच्या वाहिनी या प्राण्याच्या मेंदूपेटीशी बरीच जुळते, असे 2014 मध्ये दाखवले गेले. दोन्ही भूभाग सुमारे 8 ते 9 कोटी वर्षांपूर्वीपर्यंत एकत्र होते, त्यामुळे हे नाते अपेक्षितच आहे. राजस्थानात जैसलमेरजवळ मिळालेला 'थारोसॉरस इंडिकस' 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे 16.7 कोटी वर्षांपूर्वीचा हा प्राणी डायक्रिओसॉरिड कुलातला, आणि त्या कुलाचा आजवरचा सर्वांत जुना पुरावा म्हणून मांडला गेला आहे. त्याची ओळखही मुख्यतः मणक्यांवरूनच पटली. बारापासॉरस आणि इसिसॉरस यांच्यामधल्या दीर्घ काळात भारतीय भूभागावर कोणते सॉरोपॉड होते याबद्दल हाती फार थोडे होते. जैसलमेरच्या आणि कच्छच्या जुरासिक थरांत पुढचे काम झाले तर ती जागा भरू लागेल.